हळदीचा अंगठा

हळद शिजवायच्या दिवसांत माझी बोटं पिवळी, म्हणून मोबाईलची काचही पिवळी. एकदा रील बघताना माझ्या अंगठ्याचा डाग एका पुढाऱ्याच्या कपाळावर बसला. तो बोलायचा थांबला न्हाई. फक्त हात उचलून त्यानं डाग पुसला, काचेच्या आतून.

दुसऱ्या दिवशी त्याचं बोलणं खोटं निघालं. मग मी प्रत्येक पुढाऱ्याच्या कपाळाला अंगठा लावून बघायला लागले. खरं बोलणारा डाग तसाच राहू द्यायचा, खोटं बोलणारा पुसायचा. एकदाही चुकलं न्हाई.

मतदानाच्या सकाळी गावभर रील फिरली, "कुरुंद्याचं मतदान पुढं ढकललं." बाया परत हळदीच्या कढईकडं निघाल्या. रीलमधल्या माणसानं माझा डाग घाईघाईनं पुसला, तशी मी ओरडले, "खोटं हाय! चला समद्या!"

मतदान चालूच होतं. अख्खं कुरुंदा रांगेत उभं राहिलं. संध्याकाळी पारावर हलगी वाजली, बायांनी मला हार घातला. जावेची कोमल मोबाईल धरून पुढं आली.

"मोठी आई, तुला कसं कळलं गं? रील करून राहिले, बोल."

खरं सांगून कोण मानणार? मी छाती ठोकून सांगितलं, "तहसीलला फोन लावून खात्री केली!"

कोमलनं रील टाकली. टाळ्या थांबेनात. ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये मीच होते, आणि हळदीच्या दिवसांत ज्याची त्याची बोटं पिवळी.

माझ्या कपाळाला ओला अंगठा टेकला. जवळ कोणीच नव्हतं, समदे मोबाईलमध्ये बघून राहिले होते.

आणि माझा हात आपोआप वर उठला.