वजूखान्यातला नळ

नमाजाआधी हातपाय धुताना, वजूच्या वेळी, पाणी वाया जातं, म्हणून कासमभाईंनी बहरीनमधल्या मनामा शहरात, भाड्याच्या लहानशा गाळ्यात पितळ घासत, थेंब ऐकत, हात काढताच मिटणारा नळ घडवला. तीन वर्षं लागली. गाळ्याच्या भाड्याचा सगळा भरवसा आता त्या नळावरच होता. मग तोच नळ एका मोठ्या कंपनीच्या नावाने बाब अल बहरीनच्या बाजारातल्या दुकानांत टांगलेला दिसला आणि ते आपल्या पेटंटच्या अर्जाची पावती घेऊन अदलिया भागात, साने वकिलांकडे धावले. “अर्जाआधी हा कुठे बसवला होतात?” सान्यांनी विचारलं. “पहिला नग मशिदीत दिला. आमच्या घरात हातची पहिली चीज अल्लाच्या नावानं देतात. अर्जाच्या दीड वर्ष आधीपासून सगळे त्यावरच वजू करतात.” सान्यांनी पेनाला टोपण लावलं. “मग खलास, कासमभाई. अर्जाआधी वर्षाहून जास्त काळ चारचौघांनी वापरलेली वस्तू कायदा नवी मानत नाही. आता पेटंट नाही, आणि कंपनीला अडवताही येणार नाही.” “पण बनवला मीच ना? अख्खी मशीद साक्षीला हाय.” “तीच साक्ष तर तुम्हाला आडवी येतेय.” कासमभाई पाना घेऊन नळ काढायला मशिदीत गेले. एक म्हातारा हमाल तिथे वजू करत होता. त्याने हात काढला, पाणी थांबलं. “बसवणाऱ्याचं अल्ला भलं करो,” तो पुटपुटला. पाना खिशातच राहिला. घरी बायको जैबुन म्हणाली, “जाऊ द्या. वर अल्लाकडं तो नळ तुमच्याच नावावर लिहिला गेला असंल.” “वरचा कागद इथं चालत नाय, जैबुन.” त्यांनी गाळ्याची किल्ली तिच्या ओंजळीत ठेवली. “उद्या ही मालकाला देऊन टाक.”