पोकळ फाइल

तुळजाबाईंची लेक सगुणा, सगुणेची सिंधू, सिंधूची वेणू. या बायकांनी कधी पाठ दाखवली नाही.

वेणू इस्पितळाचा डेटाबेस, म्हणजे संगणकावरच्या साऱ्या नोंदी, सांभाळी. दंगल पेटली, जमावाने इस्पितळाच्या काचा फोडल्या, दार अडवणाऱ्या पहारेकरी गुलाबकाकांच्या पोटात सुरा घुसला आणि नेमकी तेव्हाच संगणकाची डिस्क भरली; नव्या नोंदीला जागा उरली नाही.

"ताई, नोंद उमटेना, नोंदीवाचून रक्ताची पिशवी सुटेना! काका चालले!" रक्तपेढीतला तंत्रज्ञ फोनवर ओरडला.

"रडू नका. पिशवी धरून उभे राहा."

कुऱ्हाडी तिच्या खोलीचे दार फाडत होत्या. मागची वाट मोकळी होती. पण लहानपणी अशाच एका दंगलीत काकांनीच तिला तलवारीखालून उचलले होते. अशा वेळेसाठीच डिस्कवर जागा धरून ठेवणारी पोकळ फाइल तिने पुसली. जागा मोकळी झाली, नोंद उमटली.

"सुटली पिशवी! रक्त चढतंय!"

दार फुटले, दंडा खांद्यावर कडाडला. काकांचे ऋण तोवर पुरते फिटले होते.