कुडपणचा चढ

कुडपणच्या चढावर जीप पुन्हा बंद पडली आणि सहदेव गुरुजी खूश झाले. जीप त्यांच्या दोस्ताची, कुडपणच्या हैबतीची होती. पुढे गुरुजींची फियाट हैबती चालवत होता. तीही आचके खात होती.

नियम गुरुजींचाच. आपली गाडी माणूस जपून हाकतो, म्हणून दरवर्षी भात झोडून झाला की दोघांनी एकमेकांची गाडी पोलादपूरहून वर न्यायची. दोन्हींत सारखी पेंडीची पोती, सारखे अंड्यांचे ट्रे. जी बरी पोचेल ती गाडी खरी. नियमात खोट नव्हती. फक्त दुसऱ्याची गाडी हरावी म्हणून दोघेही ती जीव तोडून वाईट चालवत.

पंच म्हणजे गुरुजींची मुलगी प्रियदर्शिनी. महाडच्या कॉलेजात शिकवायची, घरात बोलण्यापेक्षा वाचायची जास्त.

वर पोचल्यावर ट्रे उघडले. दोन्हींत चमच्याने काढावीत अशी अंडी होती. जीपमधून पेंडच काय, म्हैससुद्धा नेता येते, असं हैबतीचं म्हणणं. फियाटमध्ये माणूस माणसासारखा बसतो, म्हशीसारखा नाही, असं गुरुजींचं. मग दोघे पंचाकडे वळले.

"दोन्ही गाड्यांचे आपापले गुण आहेत," ती दरवर्षीचंच बोलली.

"एवढी पुस्तकं वाचून हेच का गं?" गुरुजी म्हणाले. हिच्यापेक्षा आमची म्हैस बरा निकाल देईल, असं हैबतीने सुचवलं. निकाल लागला नाही, तेव्हा पुढच्या वर्षी पुन्हा येणं आलं.

हैबतीने फियाटचा क्लच पार जाळला होता. ती वरच ठेवून बापलेक जीपने महाडला परतले. वाटभर गुरुजी जीपला नावं ठेवत होते. घरी आल्यावर कंबर धरून थोडी आणखी ठेवली, जेवले, झोपले. सकाळी उठलेच नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी हैबती फियाट घेऊन खाली आला. क्लच नवा, गाडी धुऊन पुसलेली. वंदना झाली. लोक गुरुजींबद्दल चार शब्द बोलले. शेवटी हैबती टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"मी उगाच भांडायचो. गुरुजींचीच गाडी बरी हाय."

एवढं बोलून तो खाली बसला. माना हलल्या. कुणी डोळे पुसले. इतके दिवस प्रियदर्शिनीला बाबा गेले असं नीट वाटलंच नव्हतं. आता वाटलं.

ती उठली. "काका, खोटं बोलू नका. चढाला जीपच लागते."

हैबतीचा चेहरा तापला. गेलेल्या माणसाच्या गाडीला नावं ठेवतेस, म्हणत त्याने तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. फियाटची जड दारं, मऊ गाद्या, ऐसपैस डिकी, एकेक गुण त्याने ऐकवला. शब्द न् शब्द गुरुजींचा होता. कंबर धरण्याची लकबसुद्धा.

"आनि येवढं ठाव होतं, तर बापाला का नाय सांगितलंस गो?"

प्रियदर्शिनी फुलं वाहिलेल्या फोटोकडे वळली.

"बाबा, जीपच चांगली. पण हे सांगितलं असतं, तर पुढच्या वर्षी आपण कुठे गेलो असतो?"