बाबांचं पथ्य

“पुन्हा दीड किलो कमी,” काट्याकडे बघत डॉक्टरबाई म्हणाल्या. “तीन महिन्यांत सहा किलो गेले.”

मुलगी चक्रावली. पंचाहत्तरीच्या बाबांची साखर आटोक्यात होती, रक्तदाबही. सगळ्या तपासण्या करून झाल्या, कशातच काही निघालं नाही. तरी माणूस वाळत चालला होता. परवा खुर्चीतून उठताना त्यांनी भिंत धरली आणि बराच वेळ सोडलीच नाही. पाणी कुठं मुरतंय, तेच कळेना.

“जेवतात ना नीट?”

“मी स्वतः वाढते. तुम्ही लिहून दिलंय तस्संच. एक घास इकडचा तिकडं नाही.”

बाबा शेजारी बसून भिंतीवरचा तक्ता वाचत होते. छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासल्यामुळे त्यांना बोलण्यापेक्षा वाचायचीच सवय जास्त.

हेच दोन आजार मुलीलाही होते. पथ्य तीही पाळत होती, पण तिचं वजन मात्र वाढतच चाललं होतं. म्हणून आज काट्यावर चढायचं तिने शिताफीने टाळलं होतं.

“आहाराचा कागद आणलाय?”

तिने पर्समधून घडी काढून दिली. डॉक्टरबाईंनी वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं.

“रात्री नुसतं सूप, मधे काहीही नाही... अक्षर माझंच आहे. पण वर ‘वडील’ लिहिलंय ते माझं नाही. अहो, हे पथ्य मी तुम्हाला दिलं होतं! बाबांना अंडी, दूध, दर तीन तासांनी खाणं सांगितलं होतं. या वयात साखरेइतकीच उपासमारही जिवावर बेतते.”

मुलीने कपाळाला हात लावला. त्या दिवशी ती खाली औषधं घ्यायला गेली होती. दोन्ही कागद बाबांकडेच होते.

“बाबा, अदलाबदल झाली हो तुमच्या हातून!”

“झाली नाही,” बाबा म्हणाले. “केली.”

त्यांनी डॉक्टरबाईंच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

“दिवसभर शिलाई मशीनवर राबते पोर. तिला अर्धपोटी ठेवायचं लिहिलं होतं त्यात. बाप जिवंत असताना?”