गाळलेलं नाव

"हे संशोधन माझ्या मुलाचं आहे," शरदचंद्र देवस्थळी म्हणाले आणि हातातली फाइल त्यांनी प्रोफेसर हॅनलनच्या टेबलावर आदळली.

ड्रेस्डेनमध्ये नोव्हेंबरची दुपार होती. तीन वाजले नाहीत तोच खोलीत दिवे लावावे लागले होते. शेजारच्या खुर्चीत त्यांची मुलगी स्वानंदी मान खाली घालून बसली होती. ती इथल्याच एका चिपच्या कारखान्यात इंजिनिअर होती. वडील सांगलीहून तिच्याकडे आले होते, पण नातवाचं तोंड बघायच्या आधी त्यांनी या माणसाची चौकशी केली होती. "याच्या भेटीची वेळ घे, मग तुझं गाव दाखव," असं त्यांनी विमानतळावरच बजावलं होतं. दोन आठवडे तिनं टाळाटाळ केली. शेवटी तेच फोन लावायला निघाले, तेव्हा तिचा नाइलाज झाला.

मयुरेशला जाऊन पाच वर्षं झाली होती. तो आयर्लंडमधल्या एका युनिव्हर्सिटीत हॅनलनच्या हाताखाली पीएच.डी. करत होता. एका सकाळी सायकलवरून लॅबकडे निघाला आणि ट्रकखाली आला. दोन वर्षांनी हॅनलनचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विषय तोच, पण मयुरेशचं नाव नाही. निबंध गाजला. हॅनलनला जर्मनीचं बोलावणं आलं. जुन्या युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर 'आमचे नामवंत विद्यार्थी आणि प्राध्यापक' अशी यादी होती, तिच्यात त्याचं नाव झळकलं. शरदचंद्रांनी सायबर कॅफेत बसून ती यादी छापून घेतली, घरी आणून पुन्हा पुन्हा वाचली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस, असं ते जो भेटेल त्याला सांगत. हॅनलनला त्यांनी अकरा पत्रं लिहिली. प्रत्येक पत्राला एकाच ओळीचं उत्तर आलं: मला वाईट वाटतं.

आताही तो तेच म्हणाला. "त्याचं नाव मी गाळलं, हे खरं आहे. मला माफ करा."

शरदचंद्र गडबडले. भांडायची सगळी तयारी करून ते आले होते, आणि समोरचा माणूस भांडायलाच तयार नव्हता.

"नुसती माफी मला नको. त्याचं नाव घाला. निबंधात घाला आणि त्या यादीतही घालायला लावा."

"ते मला करता येणार नाही."

"मग उद्याच मी तुमच्या जुन्या युनिव्हर्सिटीकडे तक्रार करतो. होऊ दे चौकशी! त्याच्या सगळ्या वह्या बाहेर येऊ देत!"

हॅनलननं स्वानंदीकडे पाहिलं.

"बाबा, सोडून द्या ना," ती मराठीत म्हणाली.

"का सोडू? सख्खा भाऊ होता तुझा!"

स्वानंदीनं हॅनलनकडे पाहून हळूच मान हलवली. तो उठला, कपाटाचं कुलूप काढलं आणि एक जाड निळी वही शरदचंद्रांसमोर ठेवली.

मयुरेशचं अक्षर दिसताच त्यांना भरून आलं. पहिली काही पानं त्यांनी नुसतीच हात फिरवून पाहिली. मग ते आकडे वाचू लागले. बत्तीस वर्षं त्यांनी कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेतली होती. रीडिंग घेताना आकडा थोडा इकडेतिकडे होतोच. इथे मात्र कुठे खाडाखोड नव्हती, प्रत्येक आकडा जिथे यायला हवा तिथेच आला होता. त्यांनी पानावरची तारीख पाहिली. सहा डिसेंबर. पुढच्या पानावर सात. मग आठ. रोजची चाळीस-चाळीस रीडिंग्ज.

त्या आठवड्यात मयुरेश आयर्लंडमध्ये नव्हताच. तो सांगलीत होता. स्वानंदीच्या लग्नात पंगतीत आग्रह करकरून जिलब्या वाढत होता.

"प्रयोग जमत नव्हता त्याला," स्वानंदी म्हणाली. "स्कॉलरशिप संपत आली होती, बाबा. मी त्याचं सामान आणायला गेले, तेव्हा सरांनी मला ही वही दाखवली. हे कुणालाही कळणार नाही म्हणाले. पुढे दोन वर्षं खपून त्यांनी सगळे प्रयोग पहिल्यापासून स्वतः केले. तुम्हाला सांगू नका, असं मीच त्यांना सांगितलं होतं."

शरदचंद्रांनी वही मिटली. काहीतरी बोलायला हवं होतं, पण इंग्रजीतला एकही शब्द आठवेना. त्यांनी हात जोडले. हॅनलन खुर्चीतून उठून उभे राहिले, आणि काय करावं ते न कळून त्यांनीही हात जोडले.

दोघं बापलेक कॉरिडॉरमध्ये आली तोच स्वानंदीचा मोबाइल वाजला. सांगलीहून आई बोलत होती. स्वानंदीनं फोन वडिलांकडे दिला.

"अहो, भेटला का तो?" मनोरमाबाईंनी विचारलं. "मी मघापासून फोनजवळच बसलेय. कबूल केलं का त्यानं?"

शरदचंद्रांनी वळून पाहिलं. खोलीचं दार उघडंच होतं. हॅनलन खिडकीशी पाठमोरे उभे होते.

"हो, केलं कबूल," ते म्हणाले. "काम आपल्या मयुरेशचंच होतं. यानं चोरलं."