पळसाचा शेंदरी

"हा साधा ई-रीडर. काळापांढरा, डोळ्यांना त्रास नाही," दुकानातली मुलगी म्हणाली. "आणि हा रंगीत. काका, यात मुखपृष्ठंसुद्धा मस्त दिसतात."

बाबांना हल्ली पुस्तकातली बारीक अक्षरं लागत नव्हती, म्हणून आम्ही आलो होतो. पण मुखपृष्ठ म्हटल्यावर त्यांनी रंगीतच उचलला. हयातभर त्यांनी मुखपृष्ठंच रंगवली होती. मी त्यावर त्यांचं पळसाचं मुखपृष्ठ शोधून दिलं. छापखान्यात प्रूफ बघायचे, तसे ते तडक दाराशी, उजेडात गेले.

"शेंदरी कुठाय यात? हा तर विटकरी! फालतू आहे हे यंत्र."

मला तर पळस पेटलेला दिसत होता. अक्षरं ताडून बघायला आणलेलं तेच छापील पुस्तक मी पिशवीतून काढून शेजारी धरलं. दोन्हीकडे अगदी तोच शेंदरी.

बाबांनी डोळे बारीक केले. "याचाही रंग उडालाय. शाईच हलकी वापरली मेल्यांनी. तेव्हाच भांडायला हवं होतं."

दुकानातली मुलगी काहीतरी बोलणार होती. मी तिला नजरेनंच थांबवलं.

"हो बाबा, उडालाय खरा," मी म्हणाले. "आपण काळापांढराच घेऊ."

दुकानाच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि रस्त्याकडे बघतच हळू आवाजात विचारलं,

"तुला शेंदरीच दिसला ना गं?"