डावा खांदा

“कुत्र्यानेच ओढून पाडलं मला,” बाबा डावा खांदा चोळत म्हणाले. महिना झाला तरी दुखणं हटेना, म्हणून आज कुत्र्याची रवानगी मावशीकडे होणार होती. मला मात्र संशय होता. पट्टा बाबा नेहमी उजव्या हातात धरतात. आणि स्वतःच्या शेपटीला दचकणारा हा भित्रा ओढणार कुणाला? बाबा पडल्यापासून तो बागेतल्या लिंबोणीखाली फिरकत नव्हता. चक्कर येते म्हणून आईने बाबांना बंद केलेली शिडी मी मुद्दाम तिथेच टेकवली. “बाबा, चार लिंबं काढता?” बाबांनी सवयीने पायरीवर पाऊल ठेवलं. कुत्रा थरथरत धावला, पँट दातांत धरून त्यांना मागे खेचू लागला. “बघ, ओढतो की नाही!” बाबा जोशात ओरडले. “कुठून ओढतो, तेही दिसलं,” दारातून आई म्हणाली. तिने पट्टा खुंटीला अडकवला आणि शिडी उचलली. “हीच जाईल मावशीकडे.”